रेड वाइन आणि तिची किंमत : प्रस्तावना

1855 साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरायचे होते. तिसऱ्या नेपोलियनला तिथे फ्रान्सची उत्तमोत्तम वाइन मांडायची होती, आणि बोर्दोच्या वाइनची प्रतवारी ठरवण्याचे काम तिथल्या व्यापारी मंडळामार्फत दलालांकडे आले. दलालांनी त्यासाठी चव घेणाऱ्यांची बैठक बोलावली नाही. कोणत्या मळ्याचा माल वर्षानुवर्षे काय भावाने गेला हे पाहून त्यांनी भावाच्या उतरत्या क्रमाने रेड वाइनचे पाच वर्ग लावले. शातो लाफीत, शातो लातूर, शातो मार्गो आणि शातो ओ-ब्रियाँ हे चार मळे पहिल्या वर्गात बसले. ही यादी आजही चालू आहे. तिच्या माथ्यावर आजवर एकच बदल झाला : 1973 साली मूतों-रोथशिल्डला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतले गेले.

रेड वाइनच्या अभ्यासाची सुरुवात या यादीपासून करावी असे मला वाटते, कारण नवख्या माणसाचा पहिला प्रश्न तिच्या पोटात आहे. महाग ती चांगली का? बोर्दोच्या दलालांचे उत्तर होते, हो. ते उत्तर उथळ नव्हते. एखाद्या मळ्याला अनेक दशके सतत चढा भाव मिळत असेल, तर त्या भावात पिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा निवाडा साठलेला असतो. पण भावात नावाचा दबदबा, जमिनीची टंचाई, सरकारचा कर, वाहतूक हेही साठलेले असते, आणि दुकानात बाटली हातात घेणाऱ्याला यातले काय किती हे दिसत नाही.

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्येच स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे बोर्दोच्या नामवंत रेड वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या वाइन, दोन्ही लेबले झाकून ठेवल्या. पहिली आली ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973 ची वाइन. काढणीच्या वेळी जिची बाग लावून जेमतेम तीन वर्षे झाली होती, ती 1970 च्या मूतोंच्याही पुढे गेली. त्या एका दुपारीने बोर्दोचे मोठेपण संपले नाही आणि संपायचे कारणही नाही. भावाची वही आणि जिभेचा निवाडा मात्र दरवेळी जुळत नाहीत, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आले.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : बाटलीची किंमत म्हणजे तिच्यामागच्या खर्चाची आणि दुर्मिळतेची नोंद. ती वाचता आली की खिशाला परवडेल त्या पायरीवर मन तृप्त करणारी रेड वाइन सापडते. वाचता आली नाही, तर महागड्या पायरीवरही निराशा पदरी येते.

अगदी खालच्या पायरीपासून पाहू. काच, बूच, लेबल, खोके, वाहतूक यांचा खर्च स्वस्त बाटलीला आणि महाग बाटलीला जवळजवळ सारखाच येतो. ब्रिटनमध्ये अबकारी करही बाटलीच्या किमतीवर नसून तिच्यातल्या मद्यार्कावर लागतो. त्यामुळे तिथल्या सर्वांत स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षरसावर झालेला खर्च अगदी किरकोळ असतो. किंमत थोडी वाढली की ती वाढ बरीचशी थेट वाइनमध्ये जाते. म्हणून तळाच्या पायरीवरून एकच पायरी वर चढण्यात जितका लाभ आहे, तितका पुढे कुठेच नाही.

भारतात हिशेब वेगळा आहे. आयात वाइनवरचे सीमाशुल्क दीर्घकाळ 150 टक्के राहिले आहे, आणि ते किमतीवर लागते. 400 रुपयांची बाटली बंदरातून बाहेर पडतानाच 1000 रुपयांची होते. मग राज्याचे कर, आयातदार आणि दुकानदार. मुंबईत किंवा पुण्यात चांगली भारी म्हणून घेतलेली परदेशी बाटली तिच्या गावी रोजच्या जेवणातली असू शकते. त्याच पैशात नाशिक, अकलूज किंवा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची बाटली घेतली, तर बहुधा त्या उत्पादकाने सर्वांत जास्त जपलेली वाइन हाती येते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. त्यात 5 डॉलरपेक्षा जास्त आयातमूल्याच्या बाटलीवरचे शुल्क सुरुवातीला 100 टक्क्यांवर आणि 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवरचे 75 टक्क्यांवर आणले गेले, पुढे ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरायचे आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियन शिराज घेणाऱ्या भारतीयाला स्वस्त बाटलीपेक्षा जरा वरची बाटली तुलनेने जास्त फायद्याची पडते. नफ्यातोट्याचा हा विचार चवीच्या अभ्यासात परका वाटेल, पण इथल्या पिणाऱ्याला तो टाळता येणार नाही.

स्वस्त पायरीवर काय शोधावे? फळाचा ताजेपणा. काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवला की रेड वाइन होते. तिचा रंग सालीतून येतो आणि जांभूळ खाल्ल्यावर तोंडात राहतो तसा तुरटपणाही साली-बियांतूनच येतो. काही द्राक्षजाती भरपूर पीक देऊनही स्वतःचा स्वाद राखतात. स्पेनच्या कालातायुद आणि काम्पो दे बोर्खा भागातली गार्नाचा, इटलीतल्या अब्रुत्सोची मॉन्तेपुल्चानो, अर्जेंटिनाच्या मेंडोसातली माल्बेक, पोर्तुगालच्या आलेंतेजोतल्या मिश्र वाइन, फ्रान्सची साधी कोत द्यु रोन, ही या पायरीवरची भरवशाची घराणी. चिलीची कार्मेनेर बरीच वर्षे मर्लो म्हणूनच खपत होती. झाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने 1994 मध्ये ती वेगळी जात असल्याचे ओळखले. पिनो न्वार मात्र या पायरीवर टाळावी. पातळ सालीची ही जात हवामानाला लगेच दुखावते, पीक वाढवले की तिची चव विरळ होते, आणि स्वस्त पिनो न्वार हा बहुतेक वेळा अपेक्षाभंगच ठरतो.

स्वस्त बाटलीवर ओकच्या पिंपाची फुशारकी दिसली तर सावध व्हावे. 225 लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपाला साधारण 800 ते 1000 युरो पडतात, आणि त्यात 300 बाटल्यांची वाइन मावते. एका बाटलीमागे नुसत्या लाकडाचेच सुमारे तीन युरो झाले. दुकानात पाच युरोला मिळणाऱ्या बाटलीला हा खर्च झेपत नाही, म्हणून तिथे पोलादी टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या बुडवून व्हॅनिलाचा वास आणला जातो. त्यात बेकायदा काही नाही. पण त्या वासाखाली फळ दबते, आणि फळाखेरीज त्या बाटलीत मोलाचे असे फारसे काही नसते.

मधली पायरी म्हणजे वेळेची पायरी. तिथे माझे मन सर्वांत जास्त रमते, आणि ती शिकवायला उत्तर स्पेनमधल्या रियोखाइतकी चांगली जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून रियोखात उतरले. लहान ओक पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची रीत त्या काळात तिथे रुजली. हारो गावाच्या रेल्वे स्थानकाभोवती वाइनघरे उभी राहिली. 1877 साली सुरू झालेले लोपेस दे एरेदिया हे त्यांपैकीच एक, आजही स्वतःची पिंपे स्वतः बांधणारे आणि वाइन वर्षानुवर्षे तळघरात ठेवणारे.

रियोखाने वेळेचे नियमच करून ठेवले. क्रियान्सा रेड किमान दोन वर्षांनी बाजारात येते आणि त्यातले एक वर्ष पिंपात जाते. रेसेर्वाला तीन वर्षे, त्यांतले निदान एक पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वाला पाच वर्षे, दोन पिंपात आणि दोन बाटलीत. मुरवण्याची अट नसलेली तरुण वाइन वेगळी. बाटलीच्या पाठीवरच्या शिक्क्याचा रंगही ठरलेला : तरुण वाइनला हिरवा, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाला निळा. पाच वर्षे वाइन पडून राहते म्हणजे पाच वर्षे पैसा अडकतो, जागा अडकते, पिंपातून थोडी वाइन उडून जाते. किमतीच्या चार पायऱ्या आणि त्यांची कारणे एकाच भागात, बहुतांशी एकाच तेंप्रानियो द्राक्षात, इतकी उघड दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतात. पण निळा शिक्का प्रत्येकाला जास्त आवडेल असे नाही. तरुण वाइनमधले लाल फळ ग्रान रेसेर्वात मागे सरते, तिथे सुके अंजीर, चामडे, तंबाखू असे वास वर येतात. ज्याला फळ प्रिय आहे त्याने क्रियान्सावर थांबावे, त्यात त्याचे काही चुकत नाही. किमतीच्या मानाने सर्वांत जास्त देणारी रेड वाइन कोणती, असे कोणी विचारले तर माझे उत्तर रियोखाची रेसेर्वा.

वरच्या पायरीवर दुर्मिळतेचे राज्य आहे. बरगंडीतला रोमाने-काँती हा मळा जेमतेम 1.8 हेक्टरचा. त्यातून वर्षाला काही हजार बाटल्या निघतात आणि मागणारे जगभर पसरलेले. फ्रान्सच्या वारसा कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या वाटण्या झाल्या, त्यामुळे जवळच्या क्लो द वूजो या सुमारे 50 हेक्टरच्या कुंपणबंद मळ्याचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. लेबलावर नाव एकच, हात ऐंशी. तिथे मळ्यापेक्षा उत्पादकाचे नाव आधी वाचावे लागते. एवढी किंमत देऊन मिळणारा आनंद खोटा नाही. इथल्या पिनो न्वारचा सूक्ष्म सुगंध दुसरीकडे सहसा भेटत नाही. पण त्या पैशातला मोठा भाग टंचाईचा आहे हे जाणून तो द्यावा. बरगंडीच्या दक्षिणेला लागून असलेल्या बोजोले भागातल्या मोर्गाँ, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ या पट्ट्यांची गामे जातीची वाइन त्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते, आणि चांगल्या हातची असली तर काही वर्षे मुरूनही राहते.

पिणाऱ्याच्या मनाचा भागही यात मोठा आहे. 2008 साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना दिली, तेव्हा जास्त किंमत सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली आणि मेंदूच्या आनंदाशी निगडित भागातही ते उमटले. त्याच वर्षी रॉबिन गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 6,000 हून अधिक झाकल्या चवींचा अभ्यास मांडला. किंमत ठाऊक नसताना सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली होती. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो : वाइनचे शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र किंमत आणि आवड यांचे नाते उलट दिशेने झुकलेले दिसले. जीभ शिकते. महाग वाइनमध्ये जे असते ते ओळखायला सराव लागतो, आणि तो सराव नसताना खर्च करण्याची घाई नसावी.

मराठी वाचकाला या विषयात घरचा आधार आहे. नाशिक आणि सांगलीचा शेतकरी द्राक्ष जाणतो, पण थॉमसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश ही खायची द्राक्षे. वाइनची द्राक्षे लहान, बियांची, बहुधा जाड सालीची. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या करून त्याचे वर्ष घडवावे लागते. काढणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी उलटला की ऊन चढते आणि द्राक्षात साखर भराभर भरते, पण सालीतला तुरटपणा पिकायला त्याचा वेळ घेतोच. या दोहोंचा मेळ घालणे ही नाशिकच्या रेड वाइनची खरी कसोटी आहे. नाशिकच्या सुला या वाइनघराची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि आज शिराज इथे चांगली रुळलेली आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली या उत्पादकाने इटलीची सांजोवेझे माळशिरस तालुक्यात लावली. तिची कॅबर्ने सोव्हिन्याँशी जुळवलेली सेत्ते ही वाइन भारतीय रेडच्या वरच्या पायरीवर आवर्जून चाखावी अशी आहे.

आपल्या हवेसाठी दोन सूचना इथेच देतो. उन्हाळ्यात गरम दुकानात महिनोन्‌महिने उभी राहिलेली बाटली, कितीही नामवंत असो, घेऊ नये. उष्णतेने शिजलेली वाइन पुन्हा सुधारत नाही. आणि रेड वाइन घरच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड देशातल्या घरांचा आहे. तिला 16 ते 18 अंश मानवतात, म्हणून ओतण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. जेवणासाठीही एक सूचना : तिखट रश्श्याबरोबर तुरट, कडक वाइन जीभ आणखी पेटवते. मालवणी मटणाला गार्नाचा किंवा गामे जास्त साथ देते.

पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. चार-पाच स्नेही जमवा, खर्च वाटून घ्या, आणि रियोखाच्या एकाच उत्पादकाची तरुण वाइन, क्रियान्सा आणि रेसेर्वा आणा. त्या मिळाल्या नाहीत तर नाशिकच्या एकाच घराची साधी शिराज आणि रिझर्व्ह शिराज चालेल. बाटल्या कागदात गुंडाळा, थोडी थोडी ओता, कोणती का आवडली ते प्रत्येकाने आपापले लिहून काढा, आणि किमती त्यानंतरच सांगा.