सभापती, सरपंच आणि पाटलीण : भंडारा जिल्ह्यातील पदनामांचा लिंगविचार

इंग्रजी 'चेअरमन' या शब्दातील पुरुषवाचक अंश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी भाषकांनाच खुपू लागला आणि 'चेअरपर्सन' हा उभयलिंगी शब्द पुढे आला. मराठीने त्याच पदासाठी 'सभापती' हा शब्द योजून तो अंश संस्कृतातून पुन्हा आत घेतला, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. या दृष्टीने भंडारा जिल्ह्यातील पदनामांचा इतिहास उद्बोधक आहे.

मध्यप्रांतात असताना या जिल्ह्यात प्रथम डिस्ट्रिक्ट कौन्सिल होते. १९४८ च्या कायद्यान्वये त्याची जागा 'जनपद सभां'नी घेतली. डॉ. रघुवीर यांच्या संस्कृतनिष्ठ परिभाषेचे नागपूर हे त्या काळी केंद्रच होते. पुढे १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या 'पदनाम कोशा'ची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली. परंतु तिचा रोख क्लिष्टतेवर होता. पदावरील व्यक्ती पुरुषच असणार, हे थट्टा करणाऱ्यांनाही गृहीत होते.

हे गृहीत १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोडले. स्त्रियांना एकतृतीयांश, व महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. आता पदधारक स्त्रीला म्हणावे काय? मराठीचा स्वतःचा '-ईण' प्रत्यय येथे निरुपयोगी ठरतो. कारण पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, पाटीलकी करणारी स्त्री नव्हे. संस्कृत वळणाचे 'अध्यक्षा' हे रूप छापील निमंत्रणपत्रिकांत शोभते, बोलण्यात क्वचितच टिकते. 'सरपंच' हा फारसी 'सर' जोडून झालेला संकरित शब्द मात्र काहीही बदल न होता दोघांनाही लागू पडतो. 'सरपंच आल्या' म्हटले की लिंगाचा भार क्रियापद वाहते. 'सभापती आल्या' हेही त्याच न्यायाने चालते. शुद्धतेच्या आग्रहाने घडविलेल्या रूपांपेक्षा हा मार्ग अधिक मराठी आहे, असे म्हणावे लागते. २००७ साली प्रतिभा पाटील निवडून आल्या, तेव्हा 'राष्ट्रपती' या शब्दावर चर्चा झाली. शब्द तोच राहिला.

मात्र 'पती' या पदाने वेगळ्या वाटेने सूड उगवला. निवडून आलेल्या स्त्रीच्या नावाने कारभार हाकणाऱ्या नवऱ्यासाठी लोकांनी 'सरपंचपती' हा शब्द घडविला. 'सभापती'मध्ये झिजून गेलेला 'पती' येथे पुन्हा नवरा झाला आहे, आणि हे पद कोणत्याही अधिनियमात नाही.