माजघराला कुलूप

२० फेब्रुवारी २०१६, शनिवार. त्या रात्री साडेदहाला झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’चा शेवटचा भाग झाला. सोमवारपासून त्याच वेळेला ‘रात्रीस खेळ चाले’ लागणार होते. आमच्या अंबरपेठेतल्या घरी, नववीत शिकणारी माझी पुतणी टीव्ही बंद केल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहिली. आईने तिला विचारले, “कोण गेलं गं मालिकेत?” कोणीच गेले नव्हते. मालिकाच गेली होती.

एका मालिकेसाठी एवढे काय, असे तेव्हा मीही म्हणालो होतो. पण ते का वाटले असावे हे समजायला आपल्या हैदराबादी मराठी घरांतल्या टीव्हीचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. आपल्याकडे केंद्र आले १९७७ मध्ये, आणि त्याची भाषा अर्थातच तेलुगू. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरची मालिका लागली ती पुण्या-मुंबईच्या भावंडांसाठी. त्यांनी ती सुट्टीत सांगायची आणि आम्ही ऐकायची, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली आणि केबलवाल्याच्या मागे लागून ती आपण घराघरांत आणली. पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी आली. गंमत अशी की, ही वाहिनी चालायची आपल्याच रामोजी फिल्म सिटीतून. तिथे कामाला आलेली महाराष्ट्रातली तरुण मुले चौघे-पाचजण मिळून भाड्याच्या खोल्या घेऊन इकडच्या बाजूला राहत. आपल्या मंडळाच्या आरतीलाही त्यातली काही दिसायची. मात्र त्यांच्याच वाहिनीवर त्यांच्यासारखे कोणी दिसत नसे. तिथे २००१ पासून २०१३ पर्यंत ‘चार दिवस सासूचे’ चालले. आया-आज्या खूश होत्या. मुले आपल्या खोलीत जाऊन इंग्रजी, हिंदी नाहीतर तेलुगू बघत.

९ मार्च २०१५ ला ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली. मुंबईतला एक फ्लॅट आणि त्यात एकत्र राहणारी सहाजणं: सुजय, कैवल्य, आशू, मीनल, रेश्मा आणि अ‍ॅना. सुव्रत जोशी, अमेय वाघ, पुष्कराज चिरपुटकर, स्वानंदी टिकेकर, सखी गोखले आणि पूजा ठोंबरे ही तेव्हा बरीचशी नवी नावे. सासू नाही, कटकारस्थान नाही. पैसे संपणे, नोकरी, भांडण, रुसवा आणि पुन्हा एका ताटात जेवण. काही भाग उगाच ताणलेले होते, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या घरांत मराठी टिकली ती आजीची, देवघरातली, रागावण्याची आणि ‘जेवायला चल’ म्हणण्याची. मैत्रिणीची फिरकी घ्यायची झाली की मुले तेलुगूत जातात आणि मन मोकळे करायचे झाले की इंग्रजीत. पुतणीच्या वर्गात मराठी बोलणारी दुसरी मुलगीच नव्हती. आपल्या वयाची, निदान आपल्यापेक्षा थोडीच मोठी माणसे मराठीत चेष्टा करतात, प्रेमात पडतात, खोटे बोलून पकडली जातात, हे तिने पहिल्यांदा या मालिकेत ऐकले. दोन-तीन महिन्यांत ती माझ्याशी मराठीत वाद घालू लागली. त्याआधी ती नुसती ‘हो’ म्हणायची.

त्या फ्लॅटचे नाव ‘माजघर’. हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. तिने आजीला विचारले, तेव्हा आईने ओसरी, माजघर आणि मागचे स्वयंपाकघर असा आपल्या माहेरच्या वाड्याचा नकाशा वहीच्या पानावर काढून दाखवला. वाडा पडून तीस वर्षे झाली होती. त्या संध्याकाळी दोघींनी तो नकाशा पुरा केला. आईला आठवेना तिथे तिने फोन करून मामांना विचारले.

आणि वर्षही पुरे न होता हे सगळे थांबले. त्याच वर्षी या चमूतल्या काहींनी निपुण धर्माधिकारींच्या दिग्दर्शनाखाली ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेच सहाजण ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन आले. या वेळी फ्लॅटऐवजी ‘खयाली पुलाव’ नावाचे रेस्टॉरंट होते. तीही मालिका काही महिन्यांत आटोपली. पुतणीने पहिला आठवडा पाहिला आणि म्हणाली, “माणसं तीच आहेत काका, पण घर नाही.”

अमेरिकेत एबीसी वाहिनीने ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ ही पंधरा वर्षांच्या मुलीची मालिका १९९५ मध्ये १९ भागांत बंद केली, तेव्हा ती वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी मोहीम उघडली होती. मालिका वाचली नाही, पण त्यांचे म्हणणे निदान नोंदले गेले. आपले कुठे नोंदले जाणार? मराठी वाहिन्यांचा प्रेक्षक मोजतात तो महाराष्ट्र आणि गोव्यात. सहा नंबर, गोलनाका, काचीगुडा इथल्या घरांत साडेदहाला कोणी टीव्हीसमोर बसले काय किंवा उठून गेले काय, त्या आकड्यात फरक पडत नाही. पुण्यातल्या मुलीची मालिका बंद झाली तर तिला कॉलेजचा कट्टा असतो. इथे मालिका हाच कट्टा होता.

पुतणी आता गच्चीबावलीत नोकरी करते आणि चार मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. त्यात मराठी ती एकटीच. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नाव ‘माजघर’ आहे. बाकीच्या तिघी त्याचा उच्चार नीट करतात, चौथी अजून ‘मज्जाघर’ म्हणते. यंदा गणपतीला सगळ्यांना घेऊन येणार आहे.