रेशनची साखर, सभासदाची साखर

माझे माहेर माळशिरस तालुक्यातले, उसाच्या पट्ट्यातले. सासर सोलापुरात, गिरणी कामगाराच्या घरात. साखरेच्या दोन तऱ्हा मी या दोन घरांत पाहिल्या. रोज किती साखर खावी हे आज डॉक्टर सांगतात. आमच्या जिल्ह्यात ते बराच काळ पाऊस, कालवा आणि रेशन कार्ड यांनीच ठरवले.

जुने सोलापूर ज्वारीचे, दुष्काळाचे. इथे गोड म्हणजे गूळ. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आधी गूळ-पाणी यायचे. हुरड्यासोबत गुळाचा खडा, सणाला शेंगापोळी. साखर दिसे ती पाडव्याच्या गाठीत आणि पंढरपूरहून आलेल्या चुरमुरे-बत्ताशांच्या प्रसादात. तो प्रसादही घरोघर वाटायचा असे, म्हणून लेकरांच्या हातावर एकेकच बत्तासा पडे.

1932 साली सरकारने देशी साखरधंद्याला संरक्षण दिले आणि चित्र पालटू लागले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी अकलूजच्या बाजूला खेळत होतेच. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी तिथे ऊस लावला, माळीनगर वसवले आणि स्वतःचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठी ऊसच ऊस झाला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत.

कारखान्याबरोबर सभासदाची साखरही आली. माहेरी दिवाळीच्या तोंडावर वडील कार्ड घेऊन जायचे आणि सवलतीच्या दरातले पोते घरी आणायचे. ते कोठीत उभे राहिले की आईचा हात सैल होई. चहा गोडमिट्ट, दुधात साखर, शिऱ्यात साखर, शिळ्या पोळीवरही साखर. फिका चहा पुढे करणे म्हणजे पाहुण्याचा अपमानच. ज्या घरात पूर्वी गूळही जपून वापरत, तिथे एका पिढीत साखरेचा हिशेब ठेवणे कमीपणाचे वाटू लागले.

सासरी मात्र हिशेबाशिवाय भागत नसे. ऐंशीच्या दशकात रेशनवर लेव्हीच्या, म्हणजे कारखान्यांकडून सरकारने ठरवलेल्या दराने सक्तीने घेतलेल्या, साखरेचे प्रमाण माणशी महिना 425 ग्रॅम होते. आम्ही पाच माणसे, म्हणजे सव्वादोन किलोलाही थोडी कमीच. सासूबाई आलेल्या साखरेतून सणावाराची आधी बाजूला काढायच्या आणि उरलेलीचे चार आठवड्यांचे चार वाटे करून जर्मनच्या डब्यांत भरायच्या. एक डबा संपल्याशिवाय दुसऱ्याचे झाकण उघडत नसे. चहाला कपामागे एकच चमचा, तोही सपाट. पोरांनी जास्त मागितली की हातावर गूळ-शेंगदाणे.

त्या रेशनचा हिशेब मांडला तर माणशी दिवसाला सुमारे 14 ग्रॅम पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरे. पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा लहान चमचे. त्यात मध आणि फळांचा रस धरतात, गुळालाही सूट नाही. दोन चमच्यांचा चहा दिवसात तीनदा झाला, की त्या दिवसाचा कोटा तिथेच संपतो.

टंचाईचे गोडवे मला गायचे नाहीत. रेशनच्या रांगेत बायकांचे दिवस गेले आहेत. पण 2013 साली लेव्हीही उठली आणि साखरेवरचा बाहेरचा लगाम सुटला. आता तो घरानेच धरायला हवा. माहेरी हे बोलले की भाऊ विचारतो, "साखर खायची नाही, तर ऊस लावायचा कशाला?" त्याची काळजी खरी आहे. पण आता उसापासून इथेनॉल होते, चिपाडावर वीज होते. शेतकऱ्याचा संसार लेकरांच्या दुधातल्या जादा चमच्यावर उभा राहू नये.

माझे माप सरळ आहे: मोठ्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त पाऊण किलो, लहान मुलांना त्याहून कमी. गूळ त्यातच, बिस्किटे आणि सरबतही त्यातच. दिवाळीला सभासदाचे पोते खुशाल यावे. स्वयंपाकघरातला डबा मात्र याच मापाने भरावा.