साग, ओक आणि आपल्या गावातला लाकडी डेक

सध्या किनाऱ्यावर, तळ्याकाठी, बागेत लाकडी डेक बांधायची टूम आहे. उद्घाटनाला फोटो झकास येतात. दोन-तीन पावसाळे गेले की फळ्या वाकतात, खिळे वर येतात आणि शेवटी दोरी बांधून ‘प्रवेश बंद’ची पाटी लागते. वर ऐकवतात, लाकूडच ते, उघड्यावर किती टिकणार? याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

जहाज म्हणजे उघड्यावरचं लाकूड, तेही खाऱ्या पाण्यात. ब्रिटिश आरमाराची सगळी भिस्त ओकवर होती. नेपोलियनशी लढताना ओक कमी पडू लागला आणि त्यांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागाची युद्धनौका बांधून घेतल्या. बांधणारे होते वाडिया. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले, तेव्हापासून हे घराणं त्याच कामात.

आता तुलना बघा. इंग्लंडात बांधलेली ‘क्वीन शार्लट’ १८१० साली पाण्यात उतरली आणि मोहिमेवर निघायच्या आधीच कुजली, नव्यानं दुरुस्त करावी लागली. उलट जमशेटजी बमनजी वाडियांची ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं होऊन गेली!

म्हणजे ओक टाकाऊ का? अजिबात नाही. घाईत वापरलेलं, नीट न सुकवलेलं लाकूड कुठलंही असो, घात करतंच. पण सागाचं अंगचं तेल पाणी आणि वाळवी दूर ठेवतं, तो कमी फुगतो-आकसतो आणि त्यातला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. ओकमधलं आम्ल लोखंड खातं.

खरी मेख पुढे आहे. हे गुण सागाच्या गाभ्यात असतात, बाहेरच्या पांढरट भागात नाहीत. कोवळ्या झाडात गाभा कमी. त्यामुळे टेंडरमध्ये नुसतं ‘साग’ लिहून काही होत नाही. आपला ऐन ताकदीचा आणि वजनदार, पण वाळताना तडकतो. पाइन स्वस्त, पण दाबाखाली औषध मुरवलेलं नसेल तर कोकणच्या पावसात त्याचं काही खरं नाही.

या सागाची किंमतही कुणीतरी मोजलीच. कंपनीनं १८०६ साली कॅप्टन वॉटसनला मलबारच्या जंगलांवर नेमलं. स्वतःच्या जमिनीतला साग तोडायची लोकांना चोरी झाली. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर मन्रोनं ते पदच रद्द केलं. तोवर चांगला साग बेसुमार तुटला होता.

त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हाच विषय हाताळलाय. आरमाराला साग लागला तर हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, बाकीचा विकत आणावा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं, जबरदस्ती नको. लाकूड कुठलं, याच्याइतकाच झाड कुणाचं हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला.

तेव्हा मंडळी, पुढचा डेक मंजूर होईल तेव्हा चारच प्रश्न विचारा. लाकूड कुठलं? गाभ्याचं आहे का? सुकवलंय का, नि तपासलं कुणी? आलं कुठून? लेखी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. पैसा आपला आहे, झाडंही आपलीच आहेत.