दुर्गा खोटे: कुठल्याच स्टुडिओला न बांधलेली नटी

'वागले की दुनिया' म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना २०२१ साली सोनी सबवर सुरू झालेली मालिका आठवेल. मूळ 'वागले की दुनिया' मात्र १९८८ ची, दूरदर्शनवरची. आर. के. लक्ष्मण यांच्या डोक्यातून आलेला साधासुधा वागले, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ही नावं लोकांना आठवतात. पण ती मालिका कोणाच्या कंपनीची होती? दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा दुर्गाबाई ८३ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा पहिला सिनेमा येऊन ५७ वर्षं झाली होती.

एवढी वर्षं या धंद्यात टिकायचं कसं? मला वाटतं, त्याचं उत्तर अभिनयाइतकंच त्यांच्या कामाच्या अटींमध्ये आहे.

त्यासाठी जरा मागे जाऊ. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं लुगडं नेसून ती भूमिका केली. सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं, असा तो काळ. दुर्गाबाई जन्मल्या १९०५ मध्ये, मुंबईतल्या लाड कुटुंबात. वडील सॉलिसिटर, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजात, लग्न श्रीमंत खोटे घराण्यात. अशा घरातल्या मुलीला कमवायची गरज पडेल, असं कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण पडली. सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि पदरात दोन लहान मुलं.

१९३१ मध्ये मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटीशी भूमिका केली. सिनेमा सुमार निघाला आणि बोलणी बसली ती या 'घरंदाज' बाईला. गोष्ट इथेच संपली असती. पण प्रभातच्या व्ही. शांताराम यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी विचारलं. १९३२ चा हा पहिला मराठी बोलपट. भूमिका कोणती, माहितीये? तारामती! जी भूमिका करायला १९ वर्षांपूर्वी बाई मिळत नव्हती, तीच.

तेव्हा आजच्यासारखं पार्श्वगायन नव्हतं. नटीनं संवादही म्हणायचे आणि गायचंही स्वतःच. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. सिनेमा गाजला, आणि शिकलेल्या घरांतल्या मुलींसाठी एक दार किलकिलं झालं.

आता खरा मुद्दा. त्या काळात नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असायच्या. महिन्याला ठरलेले पैसे घ्यायचे आणि मालक सांगेल तो सिनेमा करायचा. आधार होता, पण दोरीही त्यांच्याच हातात. दुर्गाबाईंनी ती दोरी गळ्यात घालून घेतली नाही. आज आपण ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतो, ते करणाऱ्या पहिल्या काही मोठ्या कलाकारांमध्ये त्या होत्या. प्रभातमध्ये नाव झालं, तरी त्या कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्याकडे 'सीता' (१९३४) करून आल्या. राम होते पृथ्वीराज कपूर. मग पुन्हा प्रभातमध्ये 'अमर ज्योती' (१९३६), त्यात अन्यायाविरुद्ध उठलेली समुद्रावरची लुटारू सौदामिनी. १९३७ मध्ये 'साथी'च्या निमित्तानं त्या निर्मितीतही उतरल्या.

हे सोपं नव्हतं, हे लक्षात घ्या. महिन्याचा पगार नाही म्हणजे पुढचं काम मिळेलच याची हमी नाही, आणि घरी मुलं. आपल्यातले जे प्रोजेक्टवर जगतात, त्यांना ही धाकधूक वेगळी सांगायला नको.

पण मोकळं राहण्याचा एक फायदा झाला. वय वाढलं तसं त्यांना कामही बदलता आलं. १९४२ च्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. पन्नाशीनंतर 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) नवरा आणि मुलगा यांच्यात चिरडली जाणारी जोधाबाई. समोर अकबर कोण? पुन्हा पृथ्वीराजच. १९७३ ला 'बॉबी'मधली आजी, १९७४ ला 'बिदाई', आणि त्यासाठी फिल्मफेअर. मधल्या काळात लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची कंपनी उभी केली होती. म्हणून दूरदर्शनच्या मालिकांचा जमाना आला, तेव्हा त्या आईच्या भूमिकेसाठी फोनची वाट बघत बसल्या नव्हत्या.

१९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या.

आपण त्यांना 'पडद्यावरची आई' म्हणून लक्षात ठेवतो. मला हे अपुरं वाटतं. आईच्या भूमिका त्यांनी केल्या, पण त्याआधी खऱ्या आयुष्यात घर चालवण्यासाठी बाहेर पडलेली आई त्या होत्याच. आणि कुठल्या अटींवर काम करायचं, हे ठरवायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. त्यांचं 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत आहे, शांता गोखले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही केलंय. 'आलम आरा' आता कुठेच पाहायला मिळत नाही, पण 'अयोध्येचा राजा' टिकलाय. बघाच. आवाज खरखरतो, पण तारामती नीट ऐकू येते.