पिकून गेलेल्या केळ्याची किंमत : अमेरिकी घरांतील केळ्याच्या ब्रेडचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केळ्याचा ब्रेड हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आजीच्या हातचा पदार्थ मानला जातो. सालीवर काळे डाग पडलेली, हाताला मऊ लागणारी केळी कुस्करायची, त्यांत मैदा, साखर, लोणी, अंडी आणि खाण्याचा सोडा मिसळायचा आणि ते मिश्रण लांबट साच्यात ओतून सुमारे १७५ अंश सेल्सियसला तासभर भाजायचे, एवढीच त्याची कृती आहे. पदार्थ इतका साधा आहे की तो फार जुना असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात छापील पाकपुस्तकांतून तो घरोघरी रुळला तो १९३०च्या दशकात. रसायनांनी पीठ फुगवण्याची विद्या, उष्ण कटिबंधातून थंड प्रदेशात फळ नेणारा प्रचंड व्यापार आणि आर्थिक संकटात सापडलेल्या गृहिणीची काटकसर या तिन्ही गोष्टी त्या काळी एकत्र आल्या आणि त्यांतून हा पदार्थ घडला. त्याचा इतिहास म्हणूनच स्वयंपाकघराइतकाच कारखान्यांचा, जहाजांचा आणि मळ्यांचाही इतिहास आहे.

यांपैकी सर्वांत जुना धागा पीठ फुगवण्याचा आहे. नेहमीचा ब्रेड यीस्टवर, म्हणजे पिठातील साखर खाऊन कर्बवायू सोडणाऱ्या सूक्ष्म बुरशीवर अवलंबून असतो. त्यासाठी पीठ मळणे, झाकून ठेवणे आणि पुन्हा मळणे यांत अर्धा दिवस जातो आणि हवेच्या उष्णतेवर सारे काम विसंबून राहते. लाकडाच्या राखेपासून काढलेला ‘पर्लॅश’ हा क्षार आम्लाशी संयोग पावताच तोच वायू क्षणार्धात सोडतो, ही गोष्ट अमेरिकी स्त्रियांना अठराव्या शतकाच्या अखेरीस परिचित झाली होती. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकातील काही कृतींत पर्लॅशचा वापर आढळतो. पुढे इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी १८४६ पासून खाण्याचा सोडा बनवून विकण्यास आरंभ केला आणि हार्वर्डमधील प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये फॉस्फेटयुक्त आम्लक्षाराचे पेटंट मिळवले. अशा रसायनांवर फुगणाऱ्या आणि मळण्याची वा आंबवण्याची गरज नसलेल्या भाजीव पदार्थांना ‘क्विक ब्रेड’ असे नाव मिळाले. केळे या वर्गात उशिरा आले; मक्याचे, आल्याचे, खजुराचे आणि अक्रोडाचे ब्रेड त्याआधीच घरोघरी होत असत.

त्याच काळात गृहिणीच्या कामाला शास्त्राचे रूप देणारी गृहशास्त्राची चळवळ उभी राहिली. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ने काठोकाठ सपाट केलेला पेला आणि चमचा हे माप रूढ केले, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी आणि गृहशास्त्राचे शिक्षण खेडोपाडी पोहोचवण्याची व्यवस्था केली आणि १९२३ मध्ये केंद्रीय कृषी खात्यात गृहअर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. ठरावीक तापमान राखणारी भट्टी हळूहळू सामान्य घरांतही आली. कृती कागदावर लिहून हजार मैलांवरच्या अनोळखी स्त्रीला द्यावी आणि तिच्या हातूनही पदार्थ तसाच उतरावा, ही शक्यता या मापांमुळे आणि या उपकरणांमुळे निर्माण झाली. केळ्याचा ब्रेड ज्या वेगाने पसरला, त्यामागे ही पूर्वतयारी होती.

केळे मात्र अमेरिकेच्या बहुतेक भागात पिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते तेथे बंदराजवळच्या शहरांत क्वचित मिळणारे, श्रीमंतांना परवडणारे अपूर्वाईचे फळ होते. १८७० मध्ये लॉरेन्झो डाउ बेकर या मॅसॅच्युसेट्समधील जहाजमालकाने जमैकाहून १६० घड आणून जर्सी सिटीत भरघोस नफ्याने विकले. १८७६ च्या फिलाडेल्फियातील शताब्दी प्रदर्शनात चकचकीत वर्खात गुंडाळलेले एकेक केळे दहा सेंटांना विकले गेले. बेकर यांनी अँड्र्यू प्रेस्टन आणि इतरांसह १८८५ मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी उभारली. कोस्टा रिकात लोहमार्ग बांधणाऱ्या मायनर कीथ यांच्या व्यवसायाशी १८९९ मध्ये तिचे विलीनीकरण झाले आणि त्यातून युनायटेड फ्रूट कंपनी अस्तित्वात आली. मळे, लोहमार्ग, बंदरे, शीतगृहांची जहाजे आणि अमेरिकेतील वितरण अशी सारी साखळी एकाच कंपनीच्या हाती आल्याने केळे इतके स्वस्त झाले की अमेरिकेत पिकणाऱ्या सफरचंदाशी ते किमतीत स्पर्धा करू लागले.

ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर आली, हे सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहतो. लिमॉन बंदरापासून सान होसेपर्यंतचा कीथ यांचा लोहमार्ग बांधताना हिवताप आणि पीतज्वर यांनी हजारो मजुरांचे बळी घेतले. त्यांत जमैकाहून आणलेले कामगार मोठ्या संख्येने होते. रुळांच्या कडेने लावलेली केळी पुढे या मार्गावरचा मुख्य माल ठरली. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातील सिएनागाच्या चौकात युनायटेड फ्रूटच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. त्यात किती माणसे मेली यावर आजही एकमत नाही. अमेरिकी घरांत केळी पैशापासरी मिळू लागली, तेव्हा त्या किमतीत ही माणसे धरलेली नव्हती.

व्यापाराची सारी घडी केळ्याच्या स्वभावावर बसवलेली होती. केळे हिरवे असतानाच कापले जाते आणि तोडणीनंतरही पिकत राहते. पिकताना ते इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तोच वायू शेजारच्या फळालाही पिकण्याची चालना देतो, त्यामुळे एका घडातील, पुढे एका खोलीतील सारी केळी पाठोपाठ पिकतात. म्हणून जहाजांत त्यांना सुमारे १३ ते १४ अंश सेल्सियसच्या थंडाव्यात झोपवून ठेवावे लागते. कच्च्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांहून अधिक स्टार्च असतो. केळे पूर्ण पिकेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची साखर होते. याचा अर्थ असा की केळे सर्वांत गोड आणि सर्वांत सुवासिक असते तेव्हाच ते विकण्याच्या दृष्टीने निकामी होते, कारण साल काळी पडते, गर दबतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. दुकानदाराचे आणि घरातले केळे दोन-तीन दिवसांच्या फरकाने वाया जाते. तेच केळे पिठात घालण्यास मात्र सर्वोत्तम असते, कारण त्याची साखर गोडी देते, ओलावा ब्रेडला अनेक दिवस मऊ ठेवतो आणि त्यातील सौम्य आम्ल सोड्याला फुगवण्यास मदत करते. बाजारात जी अवस्था तोट्याची, तीच पाकशास्त्रात लाभाची ठरते, आणि केळ्याच्या ब्रेडचे सारे अर्थशास्त्र या एका वस्तुस्थितीत सामावलेले आहे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळल्यानंतर या वस्तुस्थितीला तातडी आली. १९३३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामकरी माणसे बेकार झाली होती आणि घर चालवणाऱ्या स्त्रीला टाकून देण्याजोगी कोणतीही गोष्ट परवडत नव्हती. केळे तेव्हाही तुलनेने स्वस्तच होते. विकत आणलेल्या फणीतील शेवटची तीन केळी काळी पडली तर ती फेकणे म्हणजे मात्र पैसे फेकणे होते. याच १९३३ मध्ये मिनियापोलिसच्या पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने मेरी एलिस एम्स यांचा ‘बॅलन्स्ड रेसिपीज’ हा कृतिसंग्रह काढला आणि त्यात केळ्याच्या ब्रेडची कृती होती. त्यापूर्वीच्या पाकपुस्तकांत केळे बहुधा कच्चे, तळलेले किंवा कस्टर्डात घातलेले असे. कुस्करून पिठात मिसळलेले केळे आता नियमित दिसू लागले.

पीठ, सोडा आणि केळी विकणाऱ्या तिन्ही उद्योगांना या पदार्थाचा लाभ होता, कारण एका साच्यामागे तिन्ही वस्तू खपत होत्या. म्हणून कृती छापून फुकट वाटण्याची कंपन्यांची पद्धत येथे विशेष फळास आली. त्यामुळे हा पदार्थ जाहिरातदारांनी लादला असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. छापलेल्या असंख्य कृती विसरल्या गेल्या आणि हीच टिकली, कारण ती स्त्रियांच्या खऱ्या अडचणीचे उत्तर होती, आणि कृतीत अक्रोड, दही, जायफळ वा लोण्याऐवजी तेल घालून ती आपलीशी करण्याचे काम त्यांनी केले. चर्चच्या आणि महिलामंडळांच्या निधिसंकलनासाठी छापलेल्या पाकपुस्तिकांत तिची रूपे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावांनी पसरली, आणि कंपनीच्या कृतीला घराण्याची कृती होण्यास एक पिढी पुरेशी ठरली.

दुसऱ्या महायुद्धात जहाजे युद्धकामी गेल्याने केळ्यांची आवक घटली. ब्रिटनने १९४० च्या नोव्हेंबरपासून केळ्यांची आयातच थांबवली. बाजार पुन्हा जोमाने बसवायचा म्हणून युनायटेड फ्रूटने १९४४ मध्ये चिकीटा हे स्त्रीरूपातील केळ्याचे व्यंगचित्र काढले आणि तिचे गाणे आकाशवाणीवरून अमेरिकाभर वाजवले. केळी शीतकपाटात ठेवू नयेत आणि सालीवर तपकिरी ठिपके आले की ती खाण्यास योग्य झाली असे समजावे, ही त्या गाण्याची शिकवण होती. ठिपक्यांची केळी टाकाऊ नाहीत हे पटवणे कंपनीच्याही हिताचे होते. १९५० मध्ये तिने ‘चिकीटा बनानाज रेसिपी बुक’ प्रसिद्ध केले आणि केळ्याच्या ब्रेडचे स्थान पक्के झाले. ग्वाटेमालात राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्याने कंपनीची पडीक जमीन घेतली आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या साहाय्याने ते सरकार उलथवले गेले. स्वयंपाकघरातील पुस्तिका आणि हे सत्तांतर एकाच कंपनीच्या चार वर्षांतील इतिहासात पडतात.

पहिल्या पिढीच्या स्त्रियांनी ज्या केळ्याचा हा ब्रेड केला, ते केळे आज अमेरिकी बाजारात क्वचितच मिळते. तेव्हा निर्यातीसाठी ‘ग्रो मिशेल’ ही जाड सालीची, दणका सोसणारी, सुवासिक जात लावली जाई. मातीतील बुरशीने होणाऱ्या पनामा रोगाने तिचे मळे एकामागून एक उजाड केले आणि १९६०च्या दशकापर्यंत तिची जागा रोगाला टिकणाऱ्या कॅव्हेंडिश गटाने घेतली. कॅव्हेंडिशची साल नाजूक असल्याने अख्ख्या घडांऐवजी फण्या कापून खोक्यांत भरण्याची पद्धत आली. कॅव्हेंडिशवरही हल्ला करणारा त्याच रोगाचा नवा प्रकार २०१९ मध्ये कोलंबियात आढळला, तेव्हा एकाच जातीवर उभ्या राहिलेल्या व्यापाराचा जुना धोका पुन्हा उघड झाला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध याच जातीमुळे आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागांत आधी बसराई आणि पुढे ऊतीसंवर्धित ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातील केळी वाढली. पिकून गेलेले केळे वाया न घालवण्याची रीत मराठी घरांत शिकरणात आणि केळे कुस्करून कणकेत मळलेल्या गोड पुऱ्यांत आधीपासूनच होती. दक्षिणेकडे मंगळूर बन्समध्ये मैदा, दही, पिकले केळे आणि सोडा एकत्र येतात, आणि तेथे भट्टीऐवजी कढईत तळून तेच रासायनिक तत्त्व वापरले जाते. पुढे मराठी घरांत हा ब्रेड आला तो बहुधा अंडे टाळण्याच्या सोयीमुळे, कारण कुस्करलेले केळे मिश्रणाला बांधून ठेवते; ज्या घरी ओव्हन नव्हता तेथे तळाशी वाळू वा मीठ पसरलेल्या, शिट्टी काढलेल्या कुकरात तो भाजला गेला.

२०२० च्या टाळेबंदीत अमेरिकेसह अनेक देशांत लोकांनी पुन्हा मोठ्या संख्येने हा ब्रेड केला. बाजारात जाणे अवघड, वेळ भरपूर आणि केळी काळी पडलेली अशी परिस्थिती मंदीच्या काळासारखीच होती, आणि यीस्ट मिळेनासे झाले तेव्हा सोड्यावर फुगणारा पदार्थ हाताशी असणे सोयीचे ठरले.

या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यापाराने फळ स्वस्त केले, पण त्याच्या नासाडीचा भार घरावर टाकला; घरातील स्त्रियांनी तो भार मोबदल्याविना पत्करून त्यातून अन्न आणि आनंद निर्माण केला, आणि मळ्यांतील मजुरांनी भरलेली किंमत या दोन्ही खात्यांबाहेर राहिली. केळ्याच्या ब्रेडचा इतिहास लिहिताना म्हणून मिनियापोलिसच्या स्वयंपाकघराबरोबर लिमॉनचा लोहमार्ग आणि सिएनागाचा चौकही त्याच पानावर यायला हवा, आणि कृती सुधारत नेणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची नावे कोठेच नोंदलेली नसल्याने हे काम इतिहासकाराने अधिकच आस्थेने करायला हवे.