कोतवालाच्या चौकीपासून सीटबेल्टपर्यंत : पुण्यातील नाकाबंदीचे बदलते प्रयोजन

रस्त्याने जाणाऱ्यास थांबवून त्याची विचारपूस करणे हा नगरशासनाचा फार जुना अधिकार होय. पुण्यापुरते पाहिल्यास दोन शतकांत या अधिकाराचे बाह्य रूप फारसे पालटलेले नाही. पालटले आहे ते त्याचे प्रयोजन. सीटबेल्टच्या कायद्याचे वैशिष्ट्य या दृष्टीने पाहिले असता ध्यानात येते.

पेशवाईच्या उत्तरार्धात रात्रीची तोफ झाल्यावर परवानगीवाचून हिंडणाऱ्यास कोतवालीचे शिपाई अडकवून ठेवीत. चोर कोण आणि साव कोण, एवढाच तेथील प्रश्न असे. हिंडणाऱ्यापासून शहराचे रक्षण हा त्यामागील हेतू. या अधिकारास वेळीच जाब विचारणारे कोणी नसले म्हणजे काय घडते, हे १७९१ मध्ये दिसले. घाशीराम कोतवालाच्या कैदेत कोंडलेले अनेक तेलंगी ब्राह्मण मृत्यू पावले आणि पुढे संतप्त लोकांनी घाशीरामास दगडांनी ठेचून मारले.

मोटारीच्या आगमनानंतर या अधिकारास लिखित मर्यादा आल्या. १९३९ च्या व त्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने परवाना दाखविणे बंधनकारक झाले. चालक योग्य आहे काय आणि त्याच्या वाहनापासून इतरांस धोका आहे काय, हा आता प्रश्न ठरला. तथापि येथवर रक्षण इतरांचेच होते.

सीटबेल्टने हा क्रम उलटविला. व्होल्वो कंपनीचे अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी जखडणारा पट्टा सिद्ध केला. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तो वापरणे सक्तीचे केले. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमात ही सक्ती अंतर्भूत असून ती मागील आसनावरील, पुढे तोंड करून बसणाऱ्या प्रवाशांसही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब मध्ये एक हजार रुपये दंड सांगितला आहे. पट्टा न बांधलेल्या प्रवाशांस नेणाराही त्यात दोषी ठरतो. येथे अडविला जातो तोच रक्षणीय मानला आहे.

हा पालट समाजाने कितपत स्वीकारला, हा प्रश्न उरतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. वाहन एकाएकी थांबले तरी आतील देह पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो, आणि मागचे आसन या नियमास अपवाद नाही. नियम पूर्वीपासून असूनही त्याची व्यापक चर्चा या मृत्यूनंतरच झाली.

पुण्यात हेल्मेटसक्तीस संघटित विरोध झाला. २०१९ च्या आरंभीच्या मोहिमेच्या वेळी तो विशेष तीव्र होता. सीटबेल्टच्या वाट्यास तसा विरोध आला नाही. परंतु विरोधाचा अभाव म्हणजे संमती नव्हे. चौक दिसताच पट्टा ओढणे आणि चौक ओलांडताच तो सोडणे, यात नागरिक कोतवालाच्या काळाप्रमाणेच चौकीस भीत असतो; आपल्यावरील आघातास नव्हे. मागील आसनापर्यंत तर नाक्यावरील शिपायाची दृष्टीही सहसा पोहोचत नाही. तेव्हा कायद्याने आपले प्रयोजन बदलले असले, तरी नागरिकाच्या मनातील नाकाबंदीचा अर्थ अद्याप जुनाच राहिला आहे, असे म्हणावे लागते. आणि या अंतराची किंमत मोजावी लागते ती प्रवाशाच्या प्राणांनी.